चार्जिंगचा लाल दिवा लागल्यावर गाडी नुसत्या बॅटरीवर किती वेळ चालते?

रानजाई
प्रश्न सरळ आहे. पेट्रोल गाडी चालू असताना पॅनेलवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा डायनामो चार्ज करत नाही हे कळलं, तर तिथून पुढे नुसत्या बॅटरीवर गाडी किती वेळ चालेल? दहा मिनिटं, तास, की गावाला पोचेपर्यंत?

विचारायचं कारण म्हणजे आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत. कऱ्हाडहून चिपळूणला जाताना पाटणच्या अलीकडे हा दिवा लागला. संध्याकाळ झाली होती, पाऊस होता, मागे सासूबाई आणि दोन मुलं. आम्ही पाटणला थांबलो, तिथल्या वायरमनला शोधलं आणि रात्र ओळखीच्यांकडे काढली. आता दीर म्हणतात, "काही गरज नव्हती, चार्ज असलेल्या बॅटरीवर आरामात चिपळूण गाठलं असतं." मला कुंभार्ली घाट अंधारात उतरायचा होता, ते जमलं नसतं असं वाटतं. पण वाटणं वेगळं आणि माहिती वेगळी. गाडी छोटी हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, घेऊन दोन वर्षं झालीत. जाणकारांनी सांगावं.

सह्यवारा
थांबलात ते उत्तम केलंत. बाकी गणित जाणकार सांगतीलच.

चाकं_आणि_वाटा
शीर्षक वाचून इलेक्ट्रिक गाडीचा धागा आहे असं समजून आलो होतो. आलोच आहे तर बसतो.

तारांगण
ऑटो इलेक्ट्रिकलमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बॅटरीवर ३५ अँपिअर-तास लिहिलेलं असतं ते २० तासांच्या हिशेबाने. म्हणजे पावणेदोन अँपिअर खेचत राहिलात तर ती २० तास पुरेल. त्याचा अर्थ ३५ अँपिअर खेचले तर पूर्ण तासभर पुरेल असा होत नाही. जितक्या जोराने खेचाल तितकी ती कमी देते. एका तासात संपवायला गेलात तर नव्या बॅटरीकडूनही निम्म्याहून थोडं जास्त मिळेल, दोन वर्षांच्या बॅटरीकडून त्याहून कमी.

आता खर्च बघू. इंजेक्शनची पेट्रोल गाडी नुसती चालू राहायला टाकीतला पेट्रोल पंप, इंजेक्टर, इग्निशन कॉइल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एवढं लागतं. सगळं मिळून साधारण १० अँपिअर. यातलं काहीच बंद करता येत नाही. त्यावर तुमची ती संध्याकाळ: ५५-६० वॉटचे दोन हॅलोजन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर, मागचे दिवे आणि पॅनेल मिळून दोन-तीन, वायपर चार-पाच, काचेवर धुकं धरतं म्हणून ब्लोअर सहा-सात. झाले ३५ च्या घरात. मागच्या काचेचा डीफॉगर लावला की आणखी दहा-एक. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तोही दहा-पंधरा मागतो.

म्हणजे पावसाळी रात्री तुमच्या बॅटरीवर वीस मिनिटं ते अर्धा तास. बॅटरी ठणठणीत असली तर पाऊण तास. त्यात पाटणपासून चिपळूण होत नाही. गाडी घाटात बंद पडली असती.

हेच उन्हात, दिवसा, सगळं बंद ठेवून असतं तर १०-१२ अँपिअरवर दीड-दोन तास निघाले असते. दीर पूर्ण चूक नाहीत, त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसाची गाडी असेल.

रानजाई
तारांगण, मनापासून आभार. हा हिशेब घरातल्या ग्रुपवर टाकते आहे.

इगतपुरीकर
दिवसाचा अनुभव माझा आहे. इगतपुरीजवळ दिवा लागला. डायनामो फिरवणारा पट्टा जागेवर होता, इंजिनाचं तापमान ठीक होतं. एसी, टेप, चार्जर सगळं काढलं, काचा खाली केल्या आणि नाशिक गाठलं. वाटेत एकदाही इंजिन बंद केलं नाही. नाशिकला वर्कशॉपच्या दारात बंद केलं, त्यानंतर सेल मारला तर नुसती टकटक. गाडी चालायला जेवढी वीज लागते ती होती, सेल्फला लागते ती राहिली नव्हती.

तारांगण
बरोबर. सेल्फ मोटर छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर घेते. अर्धी उतरलेली बॅटरी ते देत नाही. म्हणून पहिला नियम: दिवा लागला की इंजिन बंद करायचं नाही. चहाला थांबलात तर मुक्काम तिथेच.

आंबेघाट
पहिला नियम तो नव्हे! माफ करा, पण हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. पहिला नियम तापमानाचा काटा बघणे. दिवा दोन कारणांनी लागतो. एक, डायनामो आतून गेला: कार्बन झिजले, रेग्युलेटर गेला, डायोड गेले. दुसरं, त्याचा पट्टा तुटला. आणि बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंप फिरवतो. तो तुटला की इंजिनात पाणी फिरायचं थांबतं. मग बॅटरी तासभर पुरेल की दोन तास हा प्रश्नच उरत नाही, पाच-दहा मिनिटांत इंजिन तापतं आणि हेडचं काम निघतं. ते बिल डायनामोच्या कितीतरी पट.

तेव्हा दिवा लागला की सुरक्षित जागा बघून बाजूला घ्यायचं, बॉनेट उघडायचं, पट्टा दिसतो का बघायचं. पट्टा नसेल तर तिथल्या तिथे इंजिन बंद. तिथून टोचन करूनच न्यायची.

तारांगण
आंबेघाट, मान्य. आधी पट्टा, मग बाकीचं. ज्या गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर आहे तिथे हा धोका नाही, पण रस्त्यात उभं राहून ते कुणाला आठवणार? पट्टा गेला तर थांबा, हेच लक्षात ठेवायला सोपं.

जुनी_जीप
आमच्या जुन्या डिझेल जीपला हा प्रश्नच नाही. मेकॅनिकल पंप, मेकॅनिकल इंजेक्टर. बंद करायलासुद्धा दोरी ओढायची. एकदा सुरू झाली की बॅटरी काढून घरी ठेवा, गाडी पन्हाळ्याला जाऊन येईल. फक्त दिवसा, कारण दिव्यांना वीज लागतेच.

लहानपणी गावात मुक्कामी येणारी एसटी चालक मुद्दाम उतारावर लावायचे. पहाटे सेल लागला नाही तर उतारावर सोडून गिअरमध्ये टाकायची, की धडधडत सुरू. आम्ही पोरं अंथरुणातून ऐकायचो.

कोल्हापुरी_साज
आमच्याकडं ट्रक आहेत. त्यात दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रकला डायनामो गेला तरी ड्रायव्हर दिवसाउजेडी गाडी घेऊन यायचे, घाबरायचं कारण नव्हतं. आता विजेवर नियंत्रण असलेली कॉमन रेल डिझेल इंजिनं आली, ईसीयू आले, वीज तुटली की इंजिन तिथल्या तिथं गप्प. नव्या ड्रायव्हरना हे सांगून ठेवावं लागतंय.

पुणेरी_मिसळ
म्हणजे नवीन डिझेल कारही पेट्रोलसारखीच?

तारांगण
जवळपास. कॉमन रेलला ईसीयू, इंजेक्टर आणि रेल प्रेशरचं नियंत्रण विजेवरच. स्पार्क नसल्यामुळे कॉइलचा खर्च वाचतो, आणि डिझेल गाडीत बॅटरी मोठी असते, ६० अँपिअर-तास किंवा जास्त. त्यामुळे त्याच परिस्थितीत डिझेल जास्त वेळ तग धरते. पण अमर नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं अकोल्यात बॅटरी दोन उन्हाळे काढते आन् तिसऱ्यात मान टाकते. बोनेटखाली तापते ना बाप्पा! तवा हे '३५ अँपिअर-तास' नव्या बॅटरीचं. दोन वर्सं जुनी असन तर पंचवीसच धरा. तारांगण भाऊंनी सांगितल्यातून आणखी चतकोर कमी करा.

हिमगंध
मी कॅनडात, उलटं टोक. शिशाच्या बॅटरीची ताकद उणे १८ अंशांना निम्म्याच्याही खाली येते. वरून इथे १९९० पासून नव्या गाड्यांना दिवसाही पुढचे दिवे सक्तीचे, ते बंद करायची सोय सहसा नसते. सीटचा हीटर, काचेचा डीफॉगर, ब्लोअर यांशिवाय जानेवारीत गाडी चालवणं म्हणजे काचेवर बर्फ. त्यामुळे इथे दिवा लागला की लोक सरळ पुढच्या एक्झिटला बाहेर पडतात. उणे वीसमध्ये हायवेवर बंद गाडीत बसणं जिवावरचं असतं.

चाकं_आणि_वाटा
मग माझ्या इलेक्ट्रिकचंही सांगतो, अगदीच विषयांतर नाही. इलेक्ट्रिक गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते! दरवाजे, दिवे, स्क्रीन, ब्रेकची यंत्रणा आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले, सगळं तिच्यावर. डायनामोऐवजी मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरने तिला चार्जिंग मिळतं. तो कन्व्हर्टर गेला तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी थोड्या वेळाने उभी राहते.

पुणेरी_मिसळ
हे माहीत नव्हतं. आणि मोठ्या बॅटरीवर खरंच किती जाते? कागदावर तर डोळे दिपवणारे आकडे असतात.

चाकं_आणि_वाटा
२०२० ची नेक्सॉन ईव्ही घ्या: ३०.२ किलोवॉट-तास, प्रमाणपत्रावर ३१२ किमी. रस्त्यावर एसी लावून, माणसं भरून दोनशेच्या आसपास धरायचे. समृद्धीवर एकसारखं १०० च्या वर पळवलीत तर त्याहून कमी, कारण वेग वाढला की हवेचा अडथळा वर्गाच्या पटीत वाढतो. शहरात उलट, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते. घाट चढताना आकडा भराभर उतरतो आणि उतरताना थोडा परत येतो, हे बघायला मला फार आवडतं.

इगतपुरीकर
हायब्रिडचं काय? तीही बॅटरीवर चालते म्हणतात.

चाकं_आणि_वाटा
प्लग न लावायच्या हायब्रिडमध्ये बॅटरी साधारण एक किलोवॉट-तासाच्या आतबाहेर. नुसत्या तिच्यावर हळू वेगात एक-दोन किलोमीटर, मग इंजिन सुरू होतंच. ती बॅटरी लांब पल्ल्यासाठी बनवलेलीच नाही, ब्रेकमधली वीज साठवून पुढच्या सिग्नलला वापरायची असते.

सह्यवारा
एक शंका. रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर पहिला गिअर टाकून सेल मारत गाडी पुढे न्यायची असं वडील शिकवायचे. तेही 'नुसत्या बॅटरीवर' चालणंच झालं की!

तारांगण
झालंच. वडिलांनी उपयोगाचं शिकवलं. मॅन्युअल गाडी, पहिला गिअर, क्लच सोडलेला, सेल मारला की ती गचके खात पुढे सरकते. रुळावरून काढण्याइतकं अंतर जाते. सेल्फ सलग १०-१५ सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मोटर जळते. हल्ली बऱ्याच गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल लागत नाही, त्यात हे जमणार नाही. तिथे माणसं उतरवायची आणि धक्का मारायचा. आधी माणसं, मग गाडी.

३५ अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ४२० वॉट-तास. अर्धा किलोवॉट-तासही नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे तुमची अख्खी बॅटरी पेट्रोलच्या लहान कपाएवढी. तिच्यावर गाडी 'ओढायची' अपेक्षा नाही, ती फक्त इंजिनाला जागं ठेवते.

गावाकडचा_मेस्त्री
डायनामो चार्ज करतोय का बघायची सोपी युक्ती सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीची एक टर्मिनल काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो बरा, बंद पडली तर गेला. वर्षानुवर्षं करतोय.

तारांगण
मेस्त्री, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो, आजच्या गाडीवर हे कृपा करून कुणी करू नका. बॅटरी ही व्होल्टेजचे झटके शोषून घेत असते. चालू डायनामोवरून ती अचानक काढली की क्षणभर ४०-५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त उसळी येऊ शकते, आणि ती थेट ईसीयूवर जाते. जुन्या गाडीत उडण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून ही युक्ती चालत होती.

मल्टिमीटर लावा. इंजिन बंद आणि गाडी काही तास उभी असेल तर भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. चालू असूनही १२.३, १२.२ असं उतरत असेल तर चार्जिंग नाही.

गावाकडचा_मेस्त्री
ठीक. मीटर आहे माझ्याकडं, नव्या गाड्यांना तोच लावीन. जुन्या जीपला मात्र टर्मिनलच.

आंबेघाट
एक भर. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवायला ईसीयू स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे बॅटरी भरलेली असताना १२.६-१२.८ दिसलं तर लगेच घाबरू नका. हेडलाइट लावा, ब्लोअर लावा, आकडा चढतो का बघा. चढला तर ठीक.

बुलेटवाला
जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर अँपिअरचा काटा असायचा. मध्यापासून डावीकडे गेला की बॅटरी रिकामी होतेय, उजवीकडे म्हणजे भरतेय. अडाण्यालाही कळायचं. आता लाखोंच्या गाडीत मोठी स्क्रीन देतात, गाणी बदलायची सोय देतात, पण व्होल्टेजचा एक आकडा देत नाहीत. का देत नाहीत? त्यांना तो माहीत असतो, ईसीयू तो सतत मोजत असतो. हे मला मनापासून खटकतं.

रानजाई
अगदी! आम्हाला तो आकडा दिसला असता तर भांडणच झालं नसतं.

इगतपुरीकर
लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा चार्जर मिळतो, त्यावर व्होल्ट दिसतात. काही शे रुपयांत. इगतपुरीच्या प्रसंगानंतर माझ्या गाडीत कायम आहे.

पुणेरी_मिसळ
सोबत लिथियमचा जंप स्टार्टर ठेवला तर? माझ्याकडे १२,००० एमएएचचा आहे. १२ अँपिअर-तास म्हणजे आणखी तासभर मिळेल ना?

तारांगण
नाही. ते १२,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. म्हणजे ४४ वॉट-तास, १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर-तास. गाडी सुरू करायला उत्तम, चालवत ठेवायला वीसेक मिनिटंही नाहीत. डायनामो मेलेला असताना जंप देऊन सुरू केलेली गाडी अशीच थोड्या अंतरावर पुन्हा बंद पडते आणि लोकांना वाटतं जंप नीट बसला नाही.

त्यापेक्षा मित्राच्या गाडीची तेवढ्याच मापाची भरलेली बॅटरी लावून वर्कशॉप गाठणं बरं. अदलाबदल इंजिन बंद करूनच करायची.

मालवणी_खाजा
माझी गाडी सीएनजी. गॅसवर घेतली तर वीज वाचेल काय हो?

तारांगण
थोडी वाचते. बऱ्याच किटमध्ये गॅसवर असताना पेट्रोल पंप बंद राहतो, ते चार-पाच अँपिअर वाचतात. पण गॅसच्या झडपा आणि इंजेक्टरही विजेवरच उघडे राहतात, त्यामुळे फार मोठा फरक धरू नका.

आंबेघाट
रानजाईंच्या घाटाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. बॅटरी संपताना गाडी एकदम बंद होत नाही, आधी सांगते. हेडलाइट पिवळे पडतात, वायपर रेंगाळतो. मग पॅनेलवर एबीएसचा, स्टिअरिंगचा दिवा लागतो, आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होतं. मग इंजिन गचके देतं, मग बंद. घाटात हे सगळं वळणावर होतं. इंजिन बंद पडलं की ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा दाबण्यापुरता उरतो, त्यानंतर ब्रेक दगडासारखा. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये, एकदाच दाबून धरावा, गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी, न्यूट्रल कधीही नाही. आणि हे सगळं अंधारात, पावसात, दिवे नसताना, मागून ट्रक येत असताना.

दिवसा, सपाट रस्त्यावर वर्कशॉप जवळ असेल तर जा. रात्री घाटाच्या तोंडाशी असाल तर थांबा. मला यात दुमत दिसत नाही.

जुनी_जीप
आंबेघाट, शंभर टक्के. मुलं मागे बसलेली असताना तर विचारही नको.

रानजाई
सगळ्यांचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. दिरांनी दिवस-रात्रीचा फरक मान्य केला आणि लायटरमध्ये लावायचा तो मीटर दोन्ही गाड्यांसाठी मागवला सुद्धा. पाटणच्या वायरमनने डायनामो उघडल्यावर कार्बन पार झिजलेले निघाले, रेग्युलेटरसह ते बदलून दिले. त्यांनी रात्री दुकान उघडून बघितलं, त्यांचे उपकार आहेत.

शेवटची शंका: बॅटरी त्या दिवशी बरीच उतरली होती. आता डायनामो नीट आहे तर गाडी चालवून ती आपोआप भरेल ना?

तारांगण
भरेल, पण तसं करू नका. खूप उतरलेली बॅटरी दुरुस्त केलेल्या डायनामोकडून एकदम जास्त करंट मागते, आणि छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतही नाही. अर्धवट राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची जाते. दुकानात चार्जिंगला द्या, तीन-साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास. रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्ट बघा आणि लोड टेस्ट करून घ्या. १२.४ च्या खाली आली तर पावसाळा संपायची वाट न बघता बदला.

रानजाई
उद्या सकाळी देते चार्जिंगला. आकडा इथे टाकीन.